स्वागताध्यक्षांचे भाषण



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मुंबईत मनःपूर्वक स्वागत करतो. सरकारी खात्यांतले अभियंते आणि त्यांच्याच कामांवरचे कंत्राटदार आज शेजारीशेजारी बसले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. एरवी ही मंडळी एकत्र येतात ती वाद चिघळल्यावर.

जपानच्या कर्जातून याच शहरात अटल सेतू आणि मेट्रो-३ उभी राहिली. अशाच कामांतून अनेकांना फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारांची ओळख झाली. त्यांतल्या रेड, यलो आणि सिल्व्हर बुकची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली, २०१९ मध्ये जागतिक बँकेने ती आपल्या कामांसाठी स्वीकारली. आपले हात मात्र अजून १९९९च्या आवृत्तीवरच बसलेले आहेत.

नव्या आवृत्तीत घटना कळल्यापासून २८ दिवसांत क्लेमची, म्हणजे जादा पैसे वा मुदतीच्या दाव्याची, नोटीस आणि ८४ दिवसांत पुराव्यासह तपशील द्यावा लागतो. नोटीस चुकली तर हक्क जाऊ शकतो. पूर्वी हे बंधन कंत्राटदारावरच होते, आता काम देणाऱ्या खात्यावरही आहे. हा बदल मला न्याय्य वाटतो. पण आपल्या साइटवर नकाशे उशिरा आले, जमीन ताब्यात मिळाली नाही, तर त्याची नोंद त्याच दिवशी होते का? लहान कंत्राटदाराकडे पत्रव्यवहाराला वेगळा माणूसच नसतो. संबंध बिघडतील म्हणून तो पत्र लिहीत नाही, आणि शेवटच्या बिलाच्या वेळी हात रिकामे राहतात.

दुसरी अडचण करार राबवणाऱ्या अभियंत्याची. पक्षांत समेट घडवायला त्याला ४२ दिवस मिळतात. तो झाला नाही, तर पुढच्या ४२ दिवसांत तटस्थपणे निर्णय द्यायचा. ऑडिटचा आक्षेप आणि चौकशीची धास्ती डोक्यावर असताना तो निर्णय कसा देईल? प्रामाणिक निर्णयाला संरक्षण देणारा लेखी आदेश खात्यांनी काढलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वाद टाळण्यासाठी कामाच्या सुरुवातीलाच नेमायचे मंडळ हा या आवृत्तीचा गाभा आहे. नेमके तेच निविदेच्या विशेष अटींत गाळले जाते. मंडळाचा खर्च वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या लवादापेक्षा कितीतरी कमी असतो. आज दुपारच्या सत्रात विशेष अटींचा मसुदा चर्चेला येईल, तेव्हा हे कलम तसेच ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

आता मी माननीय अध्यक्षांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.