कुत्र्याचे शेपूट

आपल्या भाषेत कुत्र्याविषयी एक म्हण आहे आणि ती त्याच्या बाजूची नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. म्हणतो ते बहुधा माणसाला उद्देशून. परंतु ज्या मुक्या प्राण्याच्या शेपटाचा दाखला देऊन आपण हा निवाडा करतो, त्याचे म्हणणे काय आहे हे मात्र कोणी विचारीत नाही. माझा व्यवसायच असा आहे, की मला ते रोज विचारावे लागते. गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात कुत्र्यांना न्हाऊ घालण्याचे, त्यांचे केस विंचरण्याचे आणि नखे कापण्याचे काम करीत आहे. या कामाला आज ग्रूमिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला ग्रूमर. माझी आई मात्र अखेरपर्यंत शेजारणींना सांगत असे, की "आमचा मुलगा कुत्र्यांचा न्हावी आहे." मला तेच नाव अधिक आवडते. न्हाव्यापुढे माणूस विश्वासाने मान वाकवतो. आणि विश्वास हेच माझ्या धंद्याचे सारे भांडवल आहे.

या सव्वीस वर्षांत मी जे शिकलो, ते थोडक्यात असे: कुत्र्याची निगा राखणे आणि त्याला वळण लावणे ही दोन निराळी कामे नव्हेत. ज्या हाताने आपण त्याचे केस विंचरतो, त्याच हातावरून तो आपल्याला ओळखतो, आणि त्याच हाताचे ऐकायचे की नाही, हे ठरवितो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या स्पिट्झ कुत्र्याला मुसके बांधून माझ्याकडे घेऊन आले. पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा हा कुत्रा आपल्याकडे सर्रास पॉमेरियन म्हणून ओळखला जातो. गृहस्थ म्हणाले, "हा अलीकडे चावका झाला आहे. मुले जवळ गेली की अंगावर येतो. एकदा स्वच्छ आंघोळ घालून द्या. उद्या त्याला गावाबाहेर एकांच्या शेतावर सोडून येणार आहोत." मी त्याला टेबलावर घेतले. कानांमागच्या केसांच्या जटा कातडीला इतक्या घट्ट चिकटल्या होत्या, की वरून मायेने हात फिरवला तरी कातडी ओढली जावी. पुढच्या पायाच्या अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ते आपोआप झिजत नाही. ते वाढत वाढत गोल वळून मांसात रुतले होते आणि तेथे पू झाला होता. मी त्याला आंघोळ घातलीच नाही. सरळ पशुवैद्यांकडे पाठविले. नख निघाले, जखम भरली, जटा कापल्या गेल्या. महिन्याभराने तोच कुत्रा मुसक्यावाचून आला आणि त्याची दोरी घरातल्या मुलाच्या हातात होती. श्रोतेहो, तो चावका झालेला नव्हता. त्याला दुखत होते, आणि ते सांगण्याची त्याच्यापाशी दुसरी भाषा उरली नव्हती.

म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की रोज दहा मिनिटे त्याच्या अंगावरून जाणता हात फिरवा. कान उलटून पाहा, ओठ उचलून दात पाहा, पंजा हातात घेऊन बोटांच्या बेचक्या पाहा. पिल्लू घरी आल्या दिवसापासून हे करावे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या आयुष्यातला संस्काराचा काळ होय. या दिवसांत ज्या माणसांची, आवाजांची आणि स्पर्शांची त्याला गोडीने ओळख होते, त्यांचे भय त्याला पुढे सहसा वाटत नाही. पंजा धरला, की खाऊचा एक कण. कान पाहिला, की आणखी एक कण. एवढ्यावर पुढच्या बारा-चौदा वर्षांची कटकट वाचते.

आता आंघोळीविषयी. पुष्कळ घरी दर रविवारी गाडी धुतात आणि त्याच बादलीत कुत्राही धुतात. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एक स्नान पुरे होते. माणसाचा साबण त्याला लावू नये. त्याची कातडी आपल्याहून पातळ असते आणि आपल्या साबणाने ती कोरडी पडते. स्नानाआधी केस विंचरावेत, नंतर नव्हे. कारण पाणी लागले की गुंता अधिकच आवळतो. आणि स्नानाइतकेच महत्त्व पुसण्याला आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत आणि कानांखाली ओल राहिली, की तेथे खाज आणि बुरशी ठरलेलीच.

नागपूर, हैदराबाद किंवा दिल्लीकडचे श्रोते विचारतील, की उन्हाळ्यात कुत्र्याचे केस मुळापासून कापून टाकावेत काय? स्पिट्झ किंवा जर्मन शेफर्ड यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांच्या बाबतीत माझे उत्तर 'नाही' असे आहे. वरचे लांब केस उन्हाला अडवितात. आतली मऊ लव गळू लागली, की ती फणीने काढून टाकावी, म्हणजे हवा खेळती राहते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांच्या गाद्यांना येतो. बाकी सारा उष्मा तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर टाकतो. म्हणून त्याला फिरावयास न्यायचे ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. शंका वाटल्यास आपल्या हाताची पालथी बाजू डांबरी रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजावेत. आपल्याला टेकवत नसेल, तर त्यालाही तेथे अनवाणी चालवू नये.

फरशीवर चालताना नखांची टकटक ऐकू येऊ लागली, की नखे वाढली असे समजावे. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून तेथे टोक तेवढे थोडे थोडे कापावे. रक्त आलेच, तर कॉर्नफ्लावरची चिमूट दाबून धरावी आणि त्या दिवसापुरते काम थांबवावे. कानाची नळी आत वळलेली असते. तीत काडी घालू नये, दिसेल तेवढाच भाग पुसावा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल ओतणे किंवा काडी पेटवून ती जाळणे हे उपाय गोचिडीहून भयंकर आहेत. गोचीड सापडल्यानंतरच्या आठवड्यांत कुत्र्याने अन्न सोडले, अंग तापले किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर ताबडतोब पशुवैद्यांना दाखवावे. तो गोचीडताप असू शकतो.

खाण्याविषयी बोलताना मला नामदेवांची कथा आठवते. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांची भूतदया आपण अवश्य घ्यावी. तुपाची वाटी मात्र बेताने. प्रेमाने भरविलेले काही पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. द्राक्षे आणि मनुका यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. चॉकलेटने हृदयाची गती बिघडते. शिजविलेल्या हाडांच्या चिरफळ्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. नैवेद्याच्या शिऱ्यातला एक मनुकाही वेचून बाजूला काढावा, हे उत्तम.

आता वळणाकडे येतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव आपण ऐकले असेल. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न येण्याआधी ठराविक खूण ऐकविली, की पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखविले. यातले व्यवहारज्ञान एवढेच, की कुत्रा लगोलग घडणाऱ्या दोन गोष्टींची सांगड घालतो. पिल्लाने दुपारी सतरंजी ओली केली आणि आपण संध्याकाळी कचेरीतून आल्यावर त्याचे नाक तेथे घासले, तर त्याला सतरंजीचा अपराध कळत नाही. धनी घरी आला की मार बसतो, एवढेच कळते. त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला बाहेर न्यावे, आणि काम तेथे झाले, की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. शाबासकी दारात परतल्यावर दिली, तर ती दाराशी जोडली जाते.

दुसरी अडचण भाषेची. आजी म्हणते 'बस', नातू म्हणतो 'सिट', सूनबाई म्हणतात 'खाली बैस बघू', आणि आजोबा नुसतेच बोट दाखवितात. कुत्रा बिचारा चौघांकडे पाहत उभा राहतो, आणि चौघे मिळून त्याला हट्टी ठरवितात. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एका कृतीला एकच शब्द ठरवावा. तो कोणत्या भाषेतला आहे, याच्याशी कुत्र्याला कर्तव्य नाही. धडा पाच मिनिटांचा असावा, दिवसातून दोन-तीनदा असावा, आणि त्याला जमलेल्या गोष्टीवरच तो संपवावा.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला आजही संकोच वाटतो. मी या धंद्यात नवा होतो. एका घरचा लॅब्रॅडोर, तो जेवत असताना कोणी जवळ आले, की गुरगुरत असे. त्यांनी माझा सल्ला विचारला. मी मोठ्या ऐटीने सांगितले, "गुरगुरला की दरडावा, ताटली काढून घ्या. धनी कोण, हे त्याला कळू द्या." पंधरा दिवसांत गुरगुरणे थांबले. मला मिठाईचा पुडा आला. पुढे महिन्याभरातच त्या कुत्र्याने घरातल्या पाच वर्षांच्या मुलीच्या हाताचा चावा घेतला, आणि तो मुळीच न गुरगुरता. हात बरा झाला, वण राहिला. कुत्र्याला ते घर सोडावे लागले. तो कोठे गेला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे, ती पूर्वसूचना आहे, हे मला फार उशिरा कळले. मी त्या कुत्र्याची भीती घालविली नव्हती. त्याचा आवाज तेवढा बंद केला होता. आज कोणी हाच प्रश्न विचारला, तर मी सांगतो, की तो जेवत असताना मुलांना दूर ठेवा. मोठ्यांनी अंतरावरून जाता जाता त्याच्याकडे काहीतरी अधिक चांगले टाकावे. दिवसागणिक त्याला उमगू लागते, की जवळ येणारा हात घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी येतो. एवढ्याने भागले नाही, तर जाणत्या प्रशिक्षकाची मदत घ्यावी.

चाव्याचा विषय निघाला आहे, तेव्हा रेबीजविषयी बोलल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते; पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनी जुलै 1885 मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला ही लस टोचून घ्यावी, आणि पुढील मात्रा पशुवैद्यांनी सांगितलेल्या तारखेला चुकवू नये. कोणाही कुत्र्याचा दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, हळद, तिखट यांतले काहीही जखमेवर भरू नये.

शेवटी पुन्हा त्या शेपटाकडे येतो. ते हलते म्हणजे कुत्रा आनंदातच असतो, असे नाही. सैल अंगाने सारे कुल्ले हलवीत येणारा कुत्रा आनंदात असतो. उंच, ताठ शेपूट भराभर हलविणारा कुत्रा फार तर सावध असतो. आणि पोटाखाली शेपूट घातलेला कुत्रा आपल्याला विनवीत असतो, की मला थोडी जागा द्या. ज्याला सरळ करण्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या नळी शोधीत आलो, ते शेपूट म्हणजे त्याची भाषा आहे. ते वाचावयाचे असते, सरळ करावयाचे नसते.

आपल्यापैकी कोणाच्या पायाशी या क्षणी एखादा कुत्रा पसरला असेल, तर माझे भाषण संपल्यावर त्याचा पुढचा पंजा हळूच हातात घेऊन अंगठ्याचे नख पाहा. त्याने पंजा ओढून घेतला, तर रागावू नका. उद्या पुन्हा, खाऊचा कण घेऊन, प्रयत्न करा. एवढे केलेत, तरी या कुत्र्यांच्या न्हाव्याचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.