दीर्घिकांचे मीलन आणि अदृश्य द्रव्य



दमणगंगेच्या तीरी वसलेल्या सिल्वासा नगरीच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन कार्तिकी अमावास्येच्या रात्री आकाशाकडे पाहिले असता, माथ्यापासून किंचित उत्तरेस एक पुसट ठिपका दिसतो. तो मेघ नव्हे. ती सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका होय. ती सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्या आकाशगंगेकडे येत आहे.

दीर्घिकेतील तारे परस्परांपासून इतके दूर असतात की, दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी ताऱ्यावर तारा आदळणे जवळजवळ अशक्य. मग त्या आरपार निघून न जाता एकरूप कशा होतात?

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील गती मोजून, दिसते त्याहून पुष्कळ अधिक द्रव्य तेथे असले पाहिजे, असे अनुमान केले. १९७० मध्ये व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांना देवयानीच्या बाह्य भागाचा भ्रमणवेगही मंदावलेला आढळला नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ३० महाकाय रेडिओ दुर्बिणी हायड्रोजन वायूची अशीच गती टिपतात. बहुतेक दीर्घिकांभोवती अदृश्य द्रव्याचे विशाल वलय आहे, हा त्याचा इत्यर्थ.

पालखी पुढे सरकते तसतशी तिच्या मागे गर्दी दाटते. त्याचप्रमाणे दुसऱ्या दीर्घिकेच्या वलयातून जाणाऱ्या दीर्घिकेच्या मागे हे द्रव्य दाटते व तिला मागे ओढते. या गतिरोधाचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये ताऱ्यांसाठी मांडले होते. वेग हरपलेली दीर्घिका अखेर दुसरीत विलीन होते.

देवयानीचे काय होणार? २०१२ साली, सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर व त्यानंतर मीलन अटळ, असे गणित सांगत होते. २०२५ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघाचे आकर्षणही हिशेबात घेतले गेले, तेव्हा पुढील १००० कोटी वर्षांत मीलन होण्याची शक्यता निम्म्यावर आली.

हे द्रव्य कशाचे बनले आहे, हे अद्याप कोणासही उमगलेले नाही. अदृश्य आहे एवढ्यावरून त्यास परब्रह्म म्हणणे श्रद्धेलाही शोभणारे नाही आणि शास्त्रालाही नाही. नवे प्रमाण मिळताच कालचा निश्चय सोडणे, हाच येथील विवेक होय.