आधी तळहात, मग बोटं

चित्रकलेच्या वर्गात माणूस काढायला दिला की विद्यार्थ्याचा सगळा जीव चेहऱ्यात अडकतो आणि हात जातात खिशात, पाठीमागे नाहीतर पदराआड. हात अवघडच असतात, असं म्हणून आपण ते चालवून घेतो. मला वाटतं, हात अवघड आहेत त्याहून जास्त अवघड आपण ते शिकवताना करून ठेवतो. विद्यार्थी बोटांची बाह्यरेषा धरून निघतो, एकामागून एक बोटं रेखत मनगटाशी पोचतो, तोवर पंज्याचं माप हुकलेलं असतं. सुरुवात तळहातापासून व्हायला हवी.

हाताची घडणच तसं सांगते. पंज्यात 27 हाडं असतात: मनगटात 8, तळहातात 5 आणि बोटांत 14. बोटं हलवणारे स्नायू मात्र बोटांत नसतात. ते तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात, तिथून कंडरा बोटांना ओढतात. म्हणजे बोटाची हालचाल मागूनच येते. आता आपलाच डावा हात समोर धरा. मूठ सैलशी वळली की बोटांच्या मुळाचे सांधे सरळ ओळीत राहत नाहीत, करंगळीकडे उतरणारी कमान दिसते. हाताच्या पाठीकडून पाहिलं तर मधलं बोट या सांध्यापासून सुरू होतं. हात उलटा केला की तेच बोट बेचक्यापासून सुरू होतं आणि चांगलंच आखूड दिसतं, कारण पहिल्या पेराचा बराचसा भाग तळहाताच्या मांसात बुडालेला असतो. एवढं एक ध्यानात आलं नाही, तर बोटं तळहाताला मागाहून चिकटवल्यासारखी दिसतात. अंगठ्याची तर तऱ्हाच निराळी: पेरं दोनच, मुळाचा सांधा मनगटालगत, आणि नखाचं तोंड इतर चार नखांच्या दिशेला नाही.

यावर काही शिक्षक म्हणतात, हाडं मोजायला लावली की रेषेतला जिवंतपणा जातो. हाडंच चित्रात उतरवली तर जाईल, खरं आहे. म्हणून हात नुसता टेबलावर ठेवून काढायला देऊ नये, त्याला काम द्यावं: कप धरणं, सुईत दोरा ओवणं. चित्रकार ड्यूररनं 1508 मध्ये निळ्या कागदावर काढलेल्या प्रार्थनेच्या हातांत शिरा, सुरकुत्या, नखं सगळं आहे, तरी डोळ्यांत आधी भरतं ते हात जोडणं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या निमुळत्या बोटांत हाडांचा हिशेब कुठं आहे? तो दिसत नाही, हे मान्य. पण तिथं गाळलेत ते बारकावे. फूल धरण्यातला हळुवारपणा जागच्या जागी आहे. काय गाळायचं हे त्या चित्रकाराला ठाऊक होतं. हात न समजलेल्या विद्यार्थ्याला ती निवड करताच येत नाही, त्याच्याकडून फक्त सुटतं.

या अभ्यासाला मॉडेलचा खर्चही नाही. चित्र काढताना प्रत्येकाचा एक हात मोकळाच असतो, आणि मोबाइलवरच्या फोटोपेक्षा तो केव्हाही बरा, कारण तो वळवून मागून पाहता येतो. पहिले काही तास बोटं काढूच देऊ नयेत. तळहाताचा ठोकळा, मनगटाचा कोन आणि सांध्यांची कमान एवढंच, निरनिराळ्या बाजूंनी काढून घ्यावं. मुलं कंटाळतील, बोटं कधी म्हणून विचारतील. विचारू द्यावं. कमान जागेवर बसली की पुढची बोटं कुठून निघणार, हे त्यांना कागदावरच दिसू लागतं.