रिकामा डबा

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आज एखादा मुलगा अगर मुलगी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या व्यवसायांत असेल. अशा मंडळींपाशीं दोन-दोन, चार-चार ओळींचे तयार तुकडे जमविलेले असतात. नवें यंत्र हातीं आलें कीं ते त्यांत उतरून घ्यावयाचे आणि कामास लागावयाचें, असा त्यांचा परिपाठ असतो. सैंपाकघरांत मिसळणाच्या डब्याचें जें स्थान, तेंच या तुकड्यांचें. परंतु कोणती ओळ कोठें उपयोगी पडते व कोठें पडत नाहीं, हें ठाऊक नसलें म्हणजे काय होतें, तें एका घडलेल्या गोष्टीवरून मी आज सांगणार आहें.

संगणकावर खेळ खेळणाऱ्यांची 'स्टीम' नांवाची एक प्रसिद्ध आज्ञावली आहे. २०१५ च्या जानेवारींत तिच्या लिनक्सवरील आवृत्तींतील एक दोष उघडकीस आला. एका वापरकर्त्यानें तिचें फोल्डर दुसऱ्या जागीं हलविलें आणि ती चालू केली. तों त्याच्या साऱ्या फाइली नाहींशा झाल्या. यंत्राला जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवरील संग्रहहि वांचला नाहीं.

घडलें तें असें. आज्ञावलींत एक आदेश होता : 'अमुक फोल्डर, तिरपी रेघ, त्यांतील सर्व पुसून टाक.' त्या अमुकाचें नांव आधींच्या ओळीनें शोधून ठेवावयाचें होतें. तें सांपडलें नाहीं. नांवाची जागा रिकामी राहिली आणि उरली ती नुसती तिरपी रेघ. लिनक्समध्यें नुसत्या तिरप्या रेघेचा अर्थ, सर्व फोल्डरांचें मूळ फोल्डर! 'माडीवरच्या कपाटांतलें सर्व फेकून दे' असें गड्याला सांगतांना कपाटाचें नांवच गळावें, आणि त्यानें सारें घर रिकामें करावें, तसा हा प्रकार झाला. नवल हें कीं, त्या ओळीपाशींच लिहिणारानें 'भीतिदायक!' अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. भीति वाटली होती. उपाय मात्र लिहावयाचा राहिला.

आतां उपाय पाहूं. आपले आदेश यंत्राला समजावून देणारा जो दुभाषा, त्यास शेल म्हणतात. आरंभींच 'सेट' हा शब्द, मग आडवी रेघ व 'यू' हें अक्षर लिहिलें, तर कधींच न ठरविलेलें नांव आढळतांच शेल थांबतो. ही सूचना सर्वत्र दिली जाते. परंतु वरील प्रसंगीं तिचा उपयोग झाला नसता; कारण नांव ठरविलें होतें, किंमत तेवढी रिकामी होती. फळीवर डबा नसणें निराळें आणि डबा असून तो रिकामा असणें निराळें.

'यू'च्या जागीं 'ई' लिहिल्यास एखादा आदेश फसतांच शेल थांबतो. येथें शोधच फसला असल्यामुळें ही ओळ उपयोगी पडली असती. मात्र शोधाच्या त्याच ओळींत आधीं 'एक्स्पोर्ट' हा शब्द असला, तर शेल एक्स्पोर्टचें यश पाहतो आणि शोधाचें अपयश झांकलें जातें. म्हणून शोध एका ओळींत व एक्स्पोर्ट दुसऱ्या ओळींत लिहावा.

नेमका उपाय मात्र दोन चिन्हांचा आहे. पुसण्याच्या आदेशांत नांव महिरपी कंसांत घालावें आणि कंसाच्या आंतच नांवास लागून अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह लिहावें. मग नांव ठरविलेलें नसो कीं रिकामें असो, शेल तक्रार करून तेथेंच थांबतो. शेलचेक नांवाची तपासनीस आज्ञावलीहि अशी धोक्याची ओळ दाखवून हीच सुधारणा सुचविते. शिवाय पुसण्याच्या आदेशापूर्वीं 'एको' हा शब्द घालून एकदां रंगीत तालीम करावी. काय पुसलें जाणार, त्याची यादी डोळ्यांपुढें येते.

या आदेशानें पुसलेली फाइल कचऱ्याच्या टोपलींत जात नाहीं, ती गेलीच. म्हणून घरच्या छायाचित्रांची एक प्रत यंत्रापासून अलग ठेवावी. जोडलेली डिस्क त्या गृहस्थाच्या कामीं आली नाहीं. आणि आपल्या मुलानें उपयोगाची ओळ उतरून घेतली, तर ती कशापासून राखते व कशापासून राखत नाहीं, एवढें तिच्या शेजारीं लिहून ठेवण्यास त्याला सांगावें. 'भीतिदायक' एवढीच टीप पुरी पडत नाहीं.