मुंग्या येणे आणि आखडलेले स्नायू



पायाला मुंग्या येणे म्हणजे काय, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. गंमत अशी की, अंगावर काही वळवळल्याच्या संवेदनेला पाश्चात्त्य वैद्यकाने दिलेले नावही लॅटिनमधील मुंगीवाचक शब्दावरूनच आलेले आहे. मांडी घालून बराच वेळ बसलेल्याचा पाय बधिर होतो. तो उठून चार पावले चालला की मुंग्या ओसरतात. परंतु दिवसभर खुर्चीला खिळलेल्या कारकुनाच्या किंवा बसचालकाच्या मांडीमागून पोटरीपर्यंत रोज मुंग्या उतरू लागतात, तेव्हा तो बिचारा पोटरी चोळीत बसतो. पोटरीचा त्यात बहुधा काहीच दोष नसतो.

नितंबाच्या आत, खोलवर, नाशपातीच्या आकाराचा एक लहानसा स्नायू असतो. शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बहुतेकांमध्ये त्याच्या खालून, तर क्वचित कोणामध्ये त्याच्यामधून, पायाकडे जातो. तासन्‌तास बसल्याने, मागल्या खिशातील जाड पाकिटावर बसल्याने तर अधिकच, हा स्नायू आखडू शकतो आणि मज्जातंतू चेपला जातो. कण्यातील चकती सरकल्यानेही अशाच मुंग्या येतात; खोकताना वा शिंकताना कळ पायात जात असेल, तर संशय चकतीचा धरावा.

स्नायू सैल करण्याचा उपाय साधा आहे. उताणे निजून दोन्ही गुडघे वर घ्यावेत. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि त्या दुसऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी मागून धरून सावकाश छातीकडे ओढावी. नितंबात ताण जाणवला की तेथेच २० ते ३० सेकंद थांबावे. असे तीनदा करावे. श्वास कोंडू नये, हिसका देऊ नये; मुंग्या वाढल्या तर तत्काळ सोडून द्यावे. अर्ध्या तासाने एकदा उठून चालणे हे मात्र कोणत्याही व्यायामाहून स्वस्त औषध होय. शेक घ्यावयाचा तो नितंबावर, पिशवीला पंचा गुंडाळून. बधिर पावलावर शेक कदापि देऊ नये. कातडी भाजली तरी तेथे कळत नाही.

सगळाच बधिरपणा स्नायूंचा नसतो. दोन्ही तळवे मोजे घातल्यासारखे बधिर वाटत असतील, तर रक्तातील साखर तपासावी. अंगावरील फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. तो औषधाने पूर्ण बरा होतो, आणि हे औषध सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. लपविण्यात मात्र हातापायांची बोटे गमावण्याची भीती असते. पाऊल उचलता येईनासे झाले, जांघेच्या आतील भागाची संवेदना गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा एका बाजूचा हात व चेहरा एकाएकी बधिर झाला, तर चोळीत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.