दगड-कागद-कात्री खेळणारा सरडा

 

हॉस्टेलला असताना रात्री चहा कोणी आणायचा, हे आम्ही दगड-कागद-कात्रीवर ठरवायचो. आमचा एक रूममेट कायम दगडच काढायचा. दोन दिवस जिंकला. मग सगळ्यांना कळलं, आणि पुढचं अख्खं सेमिस्टर चहा त्यानेच आणला. आज बोलायचंय ते एका सरड्याबद्दल, ज्याचं आयुष्यच या खेळावर चालतं.

नाव ऊटा स्टॅन्सब्युरियाना. इंग्रजीत साइड-ब्लॉच्ड लिझर्ड म्हणतात, कारण पुढच्या पायामागे, कुशीवर एक काळा डाग असतो. शेपूट सोडली तर लांबी पाच-सहा सेंटीमीटर. अमेरिकेचा पश्चिम भाग आणि उत्तर मेक्सिको, म्हणजे मोहावी, सोनोरन ही वाळवंटं आणि आजूबाजूचे कोरडे खडकाळ डोंगर, हे त्याचं घर. सकाळी दगडावर ऊन खात बसायचं, अंग तापलं की किडे, मुंग्या, कोळी पकडायचे. बहुतेकांचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. शेपूट तोडून जीव वाचवता येतो, पण ते फुकट नाही: १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की शेपूट गेलेल्या पिल्लाचा इतरांवरचा वचकच कमी होतो!

आता खेळ. नरांच्या गळ्याचे रंग तीन, आणि रंग आई-बापाकडून येतो. केशरी गळ्याचा म्हणजे गल्लीतला दादा. मोठा इलाका, त्यात बऱ्याच माद्या, कोणाशीही भांडण. निळ्याचा इलाका छोटा, पण तो जोडीदारिणीवर बारीक लक्ष ठेवतो. पिवळ्याचा इलाकाच नसतो. तो मादीसारखा दिसतो, मादीसारखाच वागतो आणि गुपचूप दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो.

केशरी निळ्याला ताकदीवर हरवतो. पण एवढ्या मोठ्या इलाक्यावर नजर ठेवणं त्याला जमत नाही, म्हणून पिवळा त्याला फसवतो. आणि पिवळ्याची डाळ निळ्यापुढे शिजत नाही, कारण निळा जागेवरून हलतच नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. निळ्याची सगळी स्ट्रॅटेजीच ती आहे.

बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली या दोघांनी कॅलिफोर्नियात १९९० ते १९९५ या काळात हे सरडे मोजले आणि १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. एक रंग वाढला, की त्याला हरवणारा रंग वाढायला लागतो. साधारण सहा वर्षांत चक्र पूर्ण. माझ्या कामात सगळे 'बेस्ट अल्गोरिदम' शोधत असतात. इथे बेस्ट असं काही नाहीच. समोर कोण जास्त आहेत, त्यावर सगळं ठरतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दोनला उठून सिम्युलेशन लिहिलं होतं. (बग होता. निळे सगळे मेले.)

पण माझ्या सिम्युलेशनमध्ये ऊन नव्हतं. सरड्याला शरीराचं तापमान आतून राखता येत नाही. फार तापलं की बीळ किंवा सावली गाठायची, आणि तिथे बसून पोट भरत नाही. उष्णता वाढली की बाहेर राहण्याचे तास कमी होतात. कमी तास म्हणजे कमी किडे, आणि अंडी तयार करायला मादीला खाणं तर भरपूर लागतं.

याच सिनर्व्होंनी पुढे मेक्सिकोत काम केलं. ऊटाच्याच कुळातल्या स्केलोपोरस गटाच्या ४८ जातींच्या २०० जागांच्या जुन्या नोंदी घेऊन त्यांची टीम परत तिथे गेली. २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं: १९७५ पासून १२ टक्के ठिकाणचे सरडे संपलेत. सरड्याच्या आकाराची मॉडेल्स, आत तापमान नोंदवणारं यंत्र, अशी उन्हात ठेवून त्यांनी तास मोजले होते. मला वाटलं होतं, मे-जूनचं कडक ऊन मारत असणार. तर नाही! घात करतो तो हिवाळा संपताना आणि वसंतात वाढलेला उष्मा, कारण विणीचा हंगाम तेव्हा असतो.

आपला ऊटा त्या यादीत नव्हता. पण ऊन खाऊन जगणं त्याचंही तेच, आणि हातात असतं एकच वर्ष. त्यातला एक हंगाम हुकला, तर पुढचा डाव खेळायला तो नसतो.

सिनर्व्हो २०२१ मध्ये गेले. लाइव्हलींसोबतचा तो पेपर अवघ्या तीन-चार पानांचा आहे, नक्की वाचा. मी सिम्युलेशनमध्ये तापमान टाकतोय. चाललं, तर पुढच्या एपिसोडला सांगतो. भेटूच!