शस्त्रक्रिया की किरणोपचार?



निपाणी परिसरात कर्करोग म्हटला की तंबाखूची आठवण प्रथम होते. आजचा विषय असलेला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मात्र मुख्यतः वाढत्या वयाचा. लघवी अडखळली म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे. परंतु आपली वडीलधारी मंडळी संकोचाने मुलासही काही सांगत नाहीत आणि रोग पुष्कळ पुढे गेल्यावर दवाखाना गाठतात.

मी वैद्य नव्हे, प्रसिद्धी अधिकारी आहे. तथापि एक घोटाळा वारंवार आढळतो. 'ऑपरेशन' या शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात. लघवीची वाट मोकळी करण्यासाठी ग्रंथी आतून खरवडतात. तिने कर्करोग जात नाही. वृषणे काढल्याने पुरुषी संप्रेरक घटून रोग दबतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखविले. संपूर्ण ग्रंथी काढणे, ही तिसरी.

रोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर आला, पण दूर पसरला नाही, तेव्हाही शस्त्रक्रिया की किरणोपचार ही निवड उरते. ग्रंथी काढल्यावरही पुष्कळदा किरणोपचार घ्यावे लागतात. लघवीवरील ताबा सुटण्याचा धोका असतो. किरणोपचारांत चिरफाड नाही, परंतु सोबत संप्रेरकरोधक औषध बहुधा दोन-तीन वर्षे चालते आणि शौचावाटे रक्त जाण्याचा त्रास संभवतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासात, केवळ संप्रेरकोपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे 24 टक्के रुग्ण दहा वर्षांत या रोगाने दगावले. किरणोपचारांची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 12 टक्के होते. रोग हाडांत पसरल्यावर मात्र औषधोपचारच मुख्य.

किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, चार ते आठ आठवडे चालतात. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव सुमारे 75. बेळगावात 3 जानेवारी 2025 रोजी के.एल.ई. संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले, ही सोय झाली खरी. तरी ऐन सुगीत म्हाताऱ्याबरोबर रोज कोणी जावे? या हिशेबाने कित्येक घरे 'एकदाचे कापून टाका' म्हणतात. तो हिशेब हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावा. सुमारे 20 बैठकांत उपचार बसेल काय, मुक्कामाची व्यवस्था आहे काय, हे विचारावे. सीमाभागातील 865 गावांसाठी महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. आपणास कोणत्या योजनेचा लाभ मिळेल, याची खात्री रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच करून घ्यावी. जाताना शिधापत्रिका, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आणि पी.एस.ए.चे जुने कागद बरोबर न्यावेत, आणि सही करण्याआधी विचारावे: डॉक्टरसाहेब, या तिघांपैकी हे कोणते ऑपरेशन?